पाठमोरी माणसं

तामानो, १४ एप्रिल २००९

प्रिय सेत्सु,

इकडे चेरीचा बहर ओसरला, तुमच्याकडे कळ्याही फुटल्या नसतील, तब्येतीला जपा, वगैरे. हवापाण्याचं झालं. आता मुद्द्याचं.

मी फोटोग्राफर झाले आहे. हसू नकोस. नवऱ्याने तीस वर्षं स्टुडिओत पुढे उभं राहून बटण दाबलं आणि मी मागच्या अंधाऱ्या खोलीत बसून लोकांच्या चेहऱ्यांवरचे डाग पुसले. तो गेल्यापासून कॅमेरा कपाटात होता. दोन आठवड्यांपूर्वी आमच्या वस्ती समितीचे अध्यक्ष इवाता-सान मिठाईचा डबा घेऊन दारात हजर. आमच्या हिनोदे पार्कला यंदा पन्नास वर्षं होतात, म्हणून वाचनालयाच्या भिंतीवर पार्कची फोटोमालिका लावायची, बारा फोटो, खाली दोन-दोन ओळींचा मजकूर. "तुमच्या घरात कॅमेरा आहे, म्हणजे काढणार तुम्हीच," म्हणाले. घरात पातेलं आहे म्हणजे स्वयंपाक येतोच, अशातली गत. पण मिठाई मी तोवर उघडली होती.

अट एकच. तो खासगी माहितीचा कायदा आल्यापासून समिती भारीच घाबरून असते. फोटोत चेहरा दिसला तर त्या माणसाची लेखी परवानगी हवी. पहिल्या सकाळी मी कॅमेरा बाहेर काढला तर निम्मी माणसं पळाली आणि उरलेली केस विंचरायला घरी गेली. गेटबॉल खेळणारे म्हातारे तर चेंडू तिथेच टाकून झाडामागे. मी दोन दिवस रिकाम्या बाकांचे फोटो काढत बसले. रिकाम्या बाकांची फोटोमालिका म्हणजे स्मशानाचीच की.

मग एक सुचलं. चेहरे घ्यायचेच नाहीत. सगळं मागून. बाकावर बसलेल्यांच्या पाठी, नळावर वाकलेल्या पाठी, नातवाला झोका देणाऱ्या पाठी. हे सांगितल्याबरोबर सगळे तयार झाले. इवाता-सान म्हणाले, "उत्तम. पाठीवर काय कुणाचं नाव लिहिलेलं असतं?" तरी पार्कात सगळ्यांना चहा देणाऱ्या त्सुबोई-बाई मागचे केस काळे करून आल्याच. मागून जाडी दिसेल म्हणून उन्हाळी कोटही घालून आल्या.

सोबत सात फोटो पाठवते. आमच्या कानेदा स्टुडिओच्या छापील पाकिटांचा साठा संपता संपत नाही, त्यातूनच. क्रमांक मागे लिहिले आहेत. चौथा बघ. सकाळी साडेसहाला रेडिओवर पियानो सुरू होतो आणि चाळीसएक माणसं कवायत करतात, तो मागून घेतलाय. सगळ्यांचे हात आभाळाकडे. फक्त तिसऱ्या ओळीत एक जण आहे, त्याचे हात खाली यायलाही लागलेत. तीनदा काढला, तिन्ही वेळा हा बाबा एक पाऊल पुढे. ओळ बिघडते खरी, पण मला तोच फोटो सगळ्यात आवडतो. कोणता आधी, कोणता शेवटी ते तू सांग. पेटीत सफरचंदं लावताना तुला जसं दिसतं तसं मला दिसत नाही. माझा जन्म डाग पुसण्यात गेला.

आईंना नमस्कार.

तुझी तोमिए

•

हिरोसाकी, ८ मे

प्रिय तोमिए,

उशीर झाला. सफरचंदाला फुलं आली आहेत आणि मधमाश्या यंदा रुसल्यात, त्यामुळे शिडीवर चढून कुंचल्याने फुलाफुलाला पराग लावतोय. मान अवघडून गेली आहे.

फोटो चांगले आहेत. नळाचा पहिला लाव, लोक तिथेच थांबतात ना येताना. झोक्याचा मध्ये. त्सुबोई-बाईंचा कोट फार बोलका आहे, तो शेवटून दुसरा असू दे.

चौथा लावू नकोस. का ते विचारू नकोस. मत मागितलंस, मी दिलं.

तिसऱ्या ओळीतला तो माणूस कोण आहे? सहज विचारते. तिन्ही वेळा तो एक पाऊल पुढे होता म्हणतेस, तर ते उरलेले दोनही पाठव. लगेच पाठव.

सेत्सु

•

तामानो, १५ मे

प्रिय सेत्सु,

खोटं कशाला सांगू, तुझ्या पत्राने नाकाला मिरच्या झोंबल्या. दोन दिवस उत्तरच लिहिलं नाही. त्रेचाळीस वर्षांची आपली पत्रमैत्री. शाळेत असताना मुलींच्या मासिकात तुझा पत्ता वाचून पहिलं पत्र टाकलं होतं, भेटलो ते दोनदाच. इतक्या वर्षांत मी तुला काही दाखवायला पाठवलं ते हेच, आणि त्यातला माझ्या आवडीचा तेवढा तू काढून टाकलास. तेही कारण न देता. ओळ बिघडते म्हणूनच ना? अगं, म्हणूनच तर तो फोटो आहे. बाकीच्या एकोणचाळीस जणांना बघून वाटतं की रेडिओ लागलाय. या एकाला बघून वाटतं की सकाळ झाली आहे.

असो. उरलेले दोन पाठवले आहेत. मनासारखे दोष काढ.

त्या माणसाचं नाव हायाशी. पन्नाशीचा असेल. सायकलवाल्याच्या माडीवर एकटा राहतो, बस डेपोत बस धुतो. ड्रायव्हर कमी पडतात म्हणून डेपोवाले त्याच्या मागे लागले होते, परवान्याचा खर्च आम्ही करतो म्हणून, पण हा म्हणे गाडीला हात लावणार तो फक्त धुवायला. दहा वर्षं तरी इथे असेल. रोज येतो, तिसऱ्या ओळीत उभा राहतो, कवायत संपली की चहाला न थांबता जातो. वाईट माणूस नाही. वादळात पार्कचं कुंपण पडलं तेव्हा कुणी न सांगता येऊन उभं करून गेला.

मी त्याला म्हटलंसुद्धा, "हायाशी-सान, फोटोपुरतं तरी पियानोबरोबर राहा." तर हसला. म्हणाला, "लहानपणची खोड आहे. सुट्टीत कवायत संपली की कार्डावर शिक्का मिळायचा ना, पहिला मिळावा म्हणून घाई करायचो. आता शिक्का नाही, खोड राहिली."

परवानगी मागितली तेव्हा मात्र इतरांसारखा लगेच हो म्हणाला नाही. विचारलं, "हे फोटो कुठे कुठे जाणार?" मी म्हटलं, वाचनालयात, आणि त्याआधी उत्तरेला माझी एक मैत्रीण आहे तिला दाखवणार. मग "चेहरा नको. मागून चालेल," म्हणाला आणि टोपी काढून उभा राहिला. टोपी काढायची काही गरज नव्हती, पण काढली.

एवढी माहिती पुरे ना? आता कारण सांग.

तोमिए

•

हिरोसाकी, २७ मे

तोमिए,

कारण सांगते. बसून वाच.

तो हायाशी नाही. तो माझा धाकटा भाऊ आहे, कुनिओ.

चौथा फोटो मी हातात धरला तेव्हा मला आधी नीट कळलंच नाही. मग ते खाली येणारे हात दिसले. आमच्या शाळेच्या मैदानावर मी मोठी म्हणून मागच्या ओळीत असायचे आणि माझ्या पुढे हा. सगळी सुट्टीभर मी त्याची पाठ बघितली आहे. मास्तर ओरडायचे, मिकामी, तुझा रेडिओ वेगळा आहे का? आणि डावा खांदा थोडा वर, झाडावरून पडला तेव्हापासूनचा. तुझे पुढचे दोन फोटो आले तेव्हा मी खात्री करायला बघितलेही नाहीत. नुसतं बघायला बघितले.

तो कामानिमित्त दक्षिणेला असतो असं मी तुला लिहीत आले. तो खोटेपणा नव्हता, कुठेतरी असेलच ना. तो नगरपालिकेची बर्फ हटवायची गाडी चालवायचा. अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत, पहाटे, वाऱ्याने बर्फ उडत होता, पुढचा खांबही दिसत नव्हता. गावातल्या कासाई आजी आपल्या फाटकासमोरचा बर्फ काढायला बाहेर आल्या होत्या. त्याला दिसल्या नाहीत. आजी गेल्या.

चौकशीत त्याची चूक नाही असं ठरलं. नगरपालिकेनेही तेच म्हटलं. आजींचा मुलगा आणि सून आमच्या घरी येऊन सांगून गेले, मनाला लावून घेऊ नका. आम्ही घरात त्या विषयाचा चकार शब्द काढला नाही. सगळे त्याच्याशी इतके गोड वागत होतो तोमिए, की आता आठवलं तरी अंगावर काटा येतो. एप्रिलमध्ये बर्फ वितळला आणि एका सकाळी त्याची गादी घडी करून ठेवलेली होती, बस.

त्याच वर्षी कुणीतरी त्याला सेंदाईच्या मासळी बाजारात बघितलं. मामा आणायला गेले. त्याने मामांना चहा दिला, जेवू घातलं, "उद्या सकाळी निघू," म्हणाला. सकाळी खोली रिकामी. त्यानंतर आजपर्यंत काही नाही.

म्हणून तुझ्या पाया पडते, त्याला काही सांगू नकोस. माझं नाव काढू नकोस. तो फोटो भिंतीवर लावू नकोस, आपल्याला कुणी ओळखलं अशी शंका जरी आली तरी तो जाईल. मी दोनदा गाडीचं वेळापत्रक काढलं आणि दोनदा ठेवून दिलं. डेपोच्या फाटकात मी उभी राहिले तर तो वाकून माफी मागेल, आणि दुसऱ्या दिवशी सायकलवाल्याची माडी भाड्याने द्यायची असेल.

मला एकच हवंय. त्याचा चेहरा. आई शहाऐंशीची आहे, तिला पाठ ओळखू येत नाही आता, चौथा फोटो दाखवला तर म्हणाली, छान आहे, कोण आहेत ही माणसं. लांबून, त्याला न कळता, एक फोटो काढ चेहऱ्याचा. एवढं कर.

सेत्सु

•

तामानो, २० जून

प्रिय सेत्सु,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण काय लिहायचं ते ठरत नव्हतं. तुझं पत्र वाचून मी रडले. त्या सकाळी पार्कात गेले. मी त्याच्या शेजारी उभी राहिले, कवायत केली, एक शब्द बोलले नाही. शप्पथ.

फोटो मी काढला आहे.

पावसात एक दिवस उघडीप होती. तो नळावर तोंड धुवायला वाकला होता. मी वेलीच्या मांडवामागे बाकावर बसले होते. त्याने मान वर केली, तोंडावर पाणी तसंच, डोळे मिटलेले, मग उघडले. मी बटण दाबलं. चांगला आलाय. स्वच्छ, ठसठशीत. माझ्या नवऱ्यालाही असा जमला नसता.

पण बटण दाबल्याबरोबर कुणाचा तरी खिसा कापल्यासारखं वाटलं मला. छापला, वाळवला, पाकिटात घातला, तुझा पत्ता लिहिला, आणि पाकीट टपालपेटीपर्यंत नेऊन परत आणलं. एकदा नाही, दोनदा. आता ते नवऱ्याच्या खणात आहे.

रागावू नकोस, ऐक. या पार्कातल्या माणसांनी माझ्याकडे पाठ केली ती विश्वासाने केली. मागे कोण उभं आहे आणि काय करतंय ते न बघता उभं राहणं सोपं नसतं. त्सुबोई-बाईंसारखी बाई, जी आपल्या सुनेकडेही पाठ करून बसत नाही, तीसुद्धा बसली. आणि तुझ्या भावाने तर तोंडाने सांगितलं होतं, चेहरा नको. त्याने आयुष्यात मागितलेल्या गोष्टी किती असतील? त्यातली ही एक माझ्याकडे मागितली.

मी त्याला विचारू का? तुझं नाव न काढता. नुसतं एवढंच, की मी तुमचा चेहरा घेतलाय, चालेल का.

तुझी तोमिए

•

हिरोसाकी, २६ जून

तोमिए,

नाही. विचारायचं नाही.

तुझं सगळं बरोबर असेल. तुझ्याकडे अख्खा पार्क आहे, त्यातली चाळीस माणसं आहेत, त्यांचा विश्वास आहे. माझ्याकडे एक भाऊ होता. अकरा वर्षांनी त्याचा चेहरा सापडला, तर तो माझ्या जिवाभावाच्या मैत्रिणीने खणात घालून ठेवलाय आणि वर मला सभ्यपणा शिकवते आहे.

आई गेल्या आठवड्यात अंगणात पडली. हाड मोडलं नाही, पण अंथरुणाला खिळली आहे. काल मला विचारत होती, कुनिओ जेवायला आला का. ती आधी कधी असं विचारत नसे.

सफरचंदांची विरळणी चालू आहे. एका गुच्छात एकच फळ ठेवायचं आणि बाकीची खुडून टाकायची. दिवसभर तेच करते आणि दिवसभर तुझ्याशी मनात भांडते.

पाठवायचं असेल तर फोटो पाठव. नुसतं पत्र नको.

सेत्सु

•

तामानो, १२ जुलै

प्रिय सेत्सु,

नुसतं पत्र नको म्हणालीस. फोटो सोबत आहे. पण आधी हे वाच, मग फोटो बघ. नाहीतर बघ आधी, तू ऐकणार थोडीच.

मी तुझं ऐकलं नाही. तुझ्या पत्रानंतर मला दोन रस्ते दिसत होते. तुझा विश्वासघात किंवा त्याचा. शेवटी मी ठरवलं की निदान माझं पाप मीच सांगावं. तुझं नाव त्यात आणायचं नाही.

मंगळवारी कवायत संपल्यावर तो निघाला तेव्हा मी हाक मारली. म्हटलं, "हायाशी-सान, मी एक वाईट काम केलंय." फोटो तुझा पत्ता नसलेल्या कोऱ्या पाकिटात घालून नेला होता, तो काढून दिला. "तुम्ही नको म्हणाला होतात, तरी चोरून घेतला. दुसरी प्रत नाही, निगेटिव्हही याच पाकिटात आहे. फाडायचा तर फाडा, ठेवायचा तर ठेवा. मला माफ करा." आणि वाकले. वाकलेलीच राहिले, कारण वर बघायची हिंमत नव्हती.

मग म्हणाला, "म्हातारा झालो की मी. अगदी बाबांसारखा दिसतोय." मी मान वर केली तर तो बाकावर बसला होता, फोटो दोन्ही हातांत धरून. म्हणाला, अकरा वर्षांत स्वतःचा फोटो पाहिला नव्हता. परवान्याचं नूतनीकरण सोडून दिलं तेव्हापासून काढायची वेळच आली नाही.

मग तो म्हणाला, "फाडू नका. एका ठिकाणी पाठवायचा आहे. पण माझ्या अक्षरात पत्ता नको. तुम्ही लिहाल का?"

आणखी एक रिकामं पाकीट पिशवीत होतं, स्टुडिओचंच. मांडीवर ठेवलं, पेन काढलं. तो सांगायला लागला. "आओमोरी प्रांत." लिहिलं. "हिरोसाकी." लिहिलं. मग तो थांबला. पुढचं तोंडातून निघेना. नळाकडे बघत बसला.

आणि सेत्सु, माझा हात थांबला नाही. मी तुला खरंच सांगते, मी मुद्दाम केलं नाही. त्रेचाळीस वर्षं तो पत्ता लिहितेय. हिरोसाकी लिहिलं की पुढचं आपोआप येतं, गावाचं नाव, वाडी, घर नंबर. घर नंबर लिहून झाल्यावर मला कळलं मी काय करतेय ते, आणि तोवर त्याचं लक्ष पाकिटाकडे गेलं होतं.

मला वाटलं, झालं. आता हा उठणार आणि जाणार, आणि सेत्सु मला जन्मभर माफ करणार नाही.

तो उठला नाही. म्हणाला, "घर नंबर बरोबर आहे. पूर्ण करा."

मी नाव लिहिलं. मिकामी. तो म्हणाला, "कानेदा-सान, तुमची पत्रं पेटीतून काढून ताईला नेऊन द्यायचं काम माझं असायचं. आधी तुमच्या माहेरच्या पत्त्याची, मग या छापील पाकिटातली. ताई मला तिकिटं द्यायची त्यावरची. सेंदाईहून निघालो तेव्हा दक्षिणेकडच्या एकाच गावाचं नाव मला पाठ होतं. स्टुडिओची पाटी पहिल्या आठवड्यातच बघितली."

मी म्हटलं, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं मी कोण ते?"

"हो."

"दहा वर्षं?"

"तुमच्या दुकानासमोरून रोज जातो. वाटायचं, ताईचं पत्र आज आलं असेल यांना. म्हणजे सगळे बरे असतील. काही बरं-वाईट झालं असतं तर तुमच्या चेहऱ्यावर दिसलं असतं." मग म्हणाला, "इतक्या वर्षांत तुम्ही कधी कॅमेरा बाहेर काढलाच नाही."

सेत्सु, तो तुमच्यापासून लपला होता. पण तुम्हाला सापडेल अशाच जागी लपला होता, आणि आपल्याला दोघींनाही ते कळलं नाही. मी त्याला आईंचं पडणं सांगितलं. सांगायला नको होतं असं म्हणशील तर म्हण. त्याने विचारलं, "रागावते का अजून?" मी म्हटलं, मला माहीत नाही.

पाकीट त्याने स्वतः पेटीत टाकायला घेतलं, मग परत मला दिलं आणि म्हणाला, तुमच्या पत्राबरोबर जाऊ दे.

तोमिए

•

हिरोसाकी, २१ जुलै

प्रिय तोमिए,

मागच्या पत्रात जे लिहिलं ते मनात ठेवू नकोस. ठेवलंस तरी चालेल, माझी लायकी तीच आहे.

फोटो आधी बघितला. पत्र नंतर.

आईला उशी लावून बसवलं आणि फोटो हातात दिला. तिने तो डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, खिडकीकडे धरला. मला वाटलं होतं ती रडेल. म्हणाली, "केस कुणी कापलेत याचे? न्हाव्याने कापले असतील तर त्याचे पैसे परत मागा." मग तुझं पत्र वाचून दाखवायला सांगितलं. काही न गाळता वाचत गेले. "रागावते का अजून" इथे मी आले तेव्हा तिने हात वर करून मला थांबवलं आणि म्हणाली, कागद घे.

ती सांगत गेली, मी लिहीत गेले. सोबत घातलंय, त्याला दे. पण तूही वाच, तुझा हक्क आहे. म्हणून इथे उतरवते:

"कुनिओ, कासाई आजींचं पहिल्या वर्षाचं श्राद्ध झालं, तू नव्हतास. तिसऱ्या वर्षाचं झालं, तू नव्हतास. सातव्याचं झालं, तेव्हाही नव्हतास. तुझ्या जागी मी गेले, बर्फातून, काठी टेकत. दर वेळी त्यांच्या सुनेने विचारलं, कुनिओ नाही आला? मी दर वेळी फुलं ठेवली आणि मान खाली घालून परत आले. आजी गेल्या त्यात तुझी चूक नव्हती. मी ते तेव्हाही जाणत होते. पण तू पळालास ती चूक तुझी, सगळीच्या सगळी तुझी, आणि ती तुला आजवर कुणी सांगितली नाही. आता मी सांगते. तुझ्या आईला अकरा वर्षं तुझ्या वाटणीची मान खाली घालायला लावलीस, मेल्या. येत्या फेब्रुवारीत, त्या गेल्या ते वर्ष धरून, तेराव्या वर्षाचं श्राद्ध आहे. मला आता चालवत नाही. फुलं तू न्यायचीस. त्यांच्या पुढच्या दाराने जायचं आणि सुनेसमोर वाकायचं. मग राहायचं असेल तर राहा, जायचं असेल तर जा. पण फुलं मी नेणार नाही."

हे सांगून झाल्यावर तिने पेज मागितली. दोन वाट्या प्यायली. आठवडाभरात पहिल्यांदाच.

मला भीती वाटते, तोमिए. हे वाचून तो सेंदाईसारखा निघून गेला तर? तरी पाठवते आहे. आम्ही गोड वागून बघितलंय.

सेत्सु

•

तामानो, ३ ऑगस्ट

प्रिय सेत्सु,

पत्र त्याला मी पार्कातच दिलं. मी नळापाशी जाऊन उभी राहिले, पाणी नको असताना प्यायले. त्याने वाचलं. परत पहिल्यापासून वाचलं. ते "मेल्या" आलं असणार तिथे त्याला हसू फुटलं आणि हसता हसता तोंड हातांनी झाकून तो बराच वेळ बसला. त्सुबोई-बाई चहा घेऊन निघाल्या होत्या, त्यांना मी लांबूनच खुणेने थोपवलं.

दुसऱ्या दिवशी मी पहाटे लवकर गेले. खरं सांगते, माडीच्या खिडकीत दिवा आहे का ते बघायला आधी सायकलवाल्याकडून गेले. होता. साडेसहाला तो आपल्या ओळीत होता. कवायत संपल्यावर पहिल्यांदा चहाला थांबला. चौथा फोटो लावला तर चालेल का विचारलं, तर म्हणाला, लावा. चेहऱ्याचा मात्र नाही, तो आईचा आहे.

तुला पत्र स्वतः लिहिणार म्हणतो. चार दिवस कोरा कागद खिशात घेऊन फिरतोय, तेव्हा वाट बघ. मला तोवर एवढंच विचारायला सांगितलं आहे. काल चहा पिता पिता म्हणाला, "कानेदा-सान, इथे बर्फातले बूट कुठे मिळतात?" मी म्हटलं, तामानोत बर्फ पडतो कुठे, बूट कोण विकायला ठेवणार? त्यावर थोडा विचार करून म्हणाला, "मग घरचेच घालावे लागतील. ताईला विचारा, माझे ठेवलेत का टाकले."

ठेवले असले तर फेब्रुवारीत स्टेशनवर घेऊन ये म्हणतोय.

तुझी तोमिए